पहिली वेलांटी

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दीड महिना ती आमच्याकडे राहायला आली. येताना वॉकर आणला, आणि त्याच्याबरोबर संध्याकाळच्या मालिकांचं वेळापत्रक. मेधाच्या आणि माझ्या घरात टीव्ही आहे, पण त्याच्यासमोर वेळेवर जाऊन बसायची आम्हाला सवय नाही. आई आल्यावर सातला कुकर उतरवायचा, साडेसातला पानं घ्यायची आणि पानं घेऊनच टीव्हीसमोर बसायचं, असं सुरू झालं.

आई मालिका बघत नाही, मालिकेशी बोलते. "अगं, सासू आजारी आहे, एक फोन करायला काय होतं हिला?" हे ती पडद्यावरच्या सुनेला सांगते. ऐकू जावं अशी इच्छा असते ती माझ्या वहिनीला. वहिनी तिथे नसली तर मी आहेच, निरोप पोचवायला. बाबा होते तेव्हा एखाद्या मालिकेतला नवरा बायकोवर खेकसला की आई म्हणायची, "याला एकदा चार दिवस एकट्याला ठेवलं पाहिजे." बाबा पेपरची घडी मोठ्याने उलटायचे. लेकी बोले सुने लागे, ही आमच्याकडची जुनी रीत. पूर्वी त्यासाठी घरात खरी लेक लागायची, आता ते काम टीव्हीतली पात्रं करतात. आपल्या मालिकांना कितीही नावं ठेवा (मी ठेवते), पण जे तोंडावर बोलता येत नाही ते बोलायला त्या एक माणूस पुरवतात. विधवेने पुन्हा लग्न करावं का, मुलीने नोकरीसाठी परगावी राहावं का, वाटणीत बहिणीला काय मिळावं, हे सगळं आमच्या घरात आधी कुठल्या तरी मालिकेतल्या बाईच्या नावाने बोलून झालंय.

माझ्या वाटची बाई मात्र त्यात कधी नव्हती. मी पाहिलेल्या कुठल्याही मराठी दैनंदिन मालिकेत एका बाईवर जीव लावणारी दुसरी बाई आली नाही, खलनायिका म्हणूनसुद्धा नाही. त्यामुळे आईला माझ्याशी बोलायला कुणी मधे नव्हतं. चौदा वर्षं मेधा तिच्या लेखी "हिची रूम पार्टनर" होती. दिवाळीला तिच्यासाठीही साडी यायची, माझी यायची त्याच दुकानातून, त्याच किमतीची. पण तिच्याबद्दल वाक्य असं कधी यायचं नाही.

आता थोडं मागे जाते.

मी कॉलेजात असताना रोजनिशी लिहायचे, आणि ती मोडीत लिहायचे. आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, मला मोडी शिकवली होती. त्यांचं घराणं चिपळूणकडचं, खोतांचं. घरात जुनी खरेदीखतं, फारखत्या, कुळांच्या वह्या असं बरंच बाड होतं, आणि गावातले लोक आपापले कागद घेऊन आजोबांकडे वाचून घ्यायला यायचे. मोडी मला फार सोयीची वाटली. आधी रेघ आखायची, मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं. शब्द सुटे करायचे नाहीत. ज्याला येत नाही त्याला ते नुसतं भिजलेल्या मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतं. घरात आजोबांखेरीज कुणाला ती येत नव्हती आणि त्यांना मोतीबिंदू झाला होता. म्हणून मी १९९६ च्या पावसाळ्यात वर्गातल्या शिल्पाबद्दल सगळं लिहून काढलं. तिच्या सायकलची चेन पडली की काळे झालेले तिचे हात, तिचं माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपणं, आणि एकदा झोपलेली नसतानाही ठेवणं.

दिवाळीनंतर आजोबांचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर ते दिसेल ते वाचत सुटले. पाकिटांवरचे पत्ते, औषधांच्या बाटल्या, कॅलेंडरच्या मागची पानं. एक दिवस मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले तर म्हणाले, "मोडीत पहिली वेलांटी नसते गं. सगळ्या दुसऱ्या. शील्पा असंच लिहायचं."

एवढंच. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मोडीत इकार दीर्घच काढतात, आणि मी तिच्या नावाला देवनागरीतली ऱ्हस्व वेलांटी उसनी आणून लावली होती, कारण 'शील्पा' मला तिच्यासारखी दिसेना. मी तांब्या ठेवला आणि बाहेर आले. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही, मी रोजनिशी बंद केली. ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आलं, की त्यांनी मला थांबायला सांगितलंच नव्हतं. त्यांनी फक्त शुद्धलेखन तपासलं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी 'फायर' आला. दोन जावांच्या प्रेमाचा दीपा मेहतांचा हा सिनेमा सेन्सॉरकडून रीतसर सुटून १९९८ च्या नोव्हेंबरात लागला. हिंदी आवृत्तीत नायिकेचं सीता हे नाव बदलून नीता करून झालं होतं. तरी २ डिसेंबरला गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये शिवसेनेच्या महिला आघाडीने तोडफोड केली. पाठोपाठ दिल्लीचं रीगल. आमच्या घरी आठवडाभर पेपरातून ते येत होतं आणि आई भाजी निवडताना म्हणाली होती, "बरं झालं बंद पाडलं. नवरे नीट वागले असते तर असल्या कथा सुचल्या नसत्या." वाक्याचा पहिला भाग मला लागला. दुसरा ती बाबांना उद्देशून म्हणाली असावी, हे आता कळतं. त्याच आठवड्यात दिल्लीत रीगलसमोर बायका मेणबत्त्या घेऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यातल्या एकीच्या हातात पाटी होती, 'भारतीय आणि लेस्बियन'. तो फोटो मी पुष्कळ उशिरा पाहिला. तेव्हा पाहिला असता तर काय केलं असतं कुणास ठाऊक. बहुधा पान उलटलं असतं.

मराठीत हा विषय नव्हताच असं नाही, उलट फार आधीपासून होता. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडी मित्रा होत्या. स्वातंत्र्यापूर्वीचं पुणं, कॉलेज, नाटकात पुरुषाचं काम करणारी मुलगी. ते वाचताना माझा घसा आवळला होता. पण मित्राला शेवटी मरावं लागतं, आणि तिची गोष्ट सांगतो तो तिचा मित्र बापू. 'उंबरठा'तही आश्रमातल्या दोघी येतात. गहजब होण्यापुरत्या येतात आणि कथा पुढे निघून जाते. नाटक-सिनेमाला दोन-अडीच तासांत काहीतरी घडवायचं असतं, म्हणून अशा बाईला पकडलं जातं, नाहीतर ती मरते. मालिकेची गोष्ट निराळी. मालिकेत माणसं वर्षानुवर्षं नुसती राहतात. चहा करतात, रुसतात, दूधवाल्याशी हुज्जत घालतात. मला ते हवं होतं.

आईच्या मुक्कामाच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने डिश अँटेना हलली आणि सगळी चॅनेलं गेली. माणूस दोन दिवसांनी येणार होता. आईची अवस्था चहा न मिळालेल्या माणसासारखी झाली. तेव्हा मेधाने पेन ड्राइव्ह लावला आणि मला न विचारता 'जंटलमन जॅक' सुरू केलं. मी स्वयंपाकघरातून बघतेय, तर काळ्या कपड्यातली, टोप घातलेली एक बाई घोडागाडी स्वतः हाकत भरधाव येतेय आणि आई विचारतेय, "ही बाई आहे ना?"

ही ॲन लिस्टर. जन्म १७९१, इंग्लंडात यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सजवळच्या शिबडेन हॉलची मालकीण. सॅली वेनराइटने लिहिलेली तिच्यावरची मालिका मे २०१९ पासून बीबीसी वनवर रविवारी रात्री नऊला लागायची. म्हणजे तिकडच्या घरोघरी जेवणं आटपून सगळे सोफ्यावर असतात त्या वेळेला, आणि मला तर तेच निम्मं काम वाटतं. चित्रीकरण खुद्द शिबडेन हॉलमध्ये झालंय आणि मुख्य भूमिकेत सुरान जोन्स आहे. मधूनच ती वळून थेट आपल्याकडे बघते आणि मनातलं सांगते. आईला ते फार आवडलं, कारण आईला टीव्हीशी बोलायची सवय आणि इथे टीव्ही आपणहून बोलत होता.

संवाद मी तिला मराठीत सांगत होते. पण दुसऱ्या भागापर्यंत तिला माझी गरज उरली नाही, कारण तिथे वसुली सुरू झाली. कारभारी आजारी म्हणून ॲन स्वतः वहीपेन्सिल घेऊन कुळांकडून भाडं घेत बसते. आई एकदम सावरून बसली. "अगं, ही खोतीण आहे!" मग तिने मलाच समजावून सांगितलं, कुळाने एकदा सूट मागितली की पुढच्या वर्षी ती हक्काची होते, आजोबा कसे अगदी अस्सेच बसायचे, आणि शेजारच्या जमिनीखालून कोळसा चोरणारे ते रॉसन म्हणजे आमच्याकडचे कोण. शेजारच्या इस्टेटीची वारस ॲन वॉकर आली आणि लिस्टरबाईंना खाणीसाठी पैसाही हवाच आहे हे कळल्यावर आई म्हणाली, "म्हणजे स्थळ बघूनच केलं. मग चुकलं काय?"

'केलं' म्हणाली. मेधाने माझ्याकडे पाहिलं. मी चटणीच्या वाटीकडे पाहिलं.

दोघी एकमेकींच्या जवळ येतात तेव्हा आईचा चष्मा हटकून हरवायचा, किंवा "मेधा, दूध वर आलं का बघ" असं व्हायचं. ते मालिकेतल्या कुठल्याही जोडप्याच्या बाबतीत होतं, त्यामुळे मी मनाला लावून घेतलं नाही. तिचा जीव खरा जडला तो म्हाताऱ्या आत्यावर. ही आत्या भाचीबरोबर त्याच घरात राहते, तिला सगळं माहीत असतं, ती काही विचारत नाही. भाचीला सोबत मिळावी एवढंच तिला वाटतं. तिचा पायही दुखत असतो. "हिलाही जिना चढवत नाही बघ," आई वॉकरवर हात ठेवून म्हणाली.

खऱ्या ॲन लिस्टरने आयुष्यभर रोजनिशी लिहिली, सुमारे पन्नास लाख शब्दांची. त्यातला साधारण सहावा हिस्सा स्वतः रचलेल्या सांकेतिक लिपीत. ग्रीक अक्षरं, आकडे, गणितातली चिन्हं. शब्द तोडलेले नाहीत, सगळं सलग. हे वाचलं तेव्हा मी मेधाला उठवून मोडीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. १८९० च्या दशकात तिच्या घराण्यातल्या जॉन लिस्टरने आणि त्याचा शिक्षक मित्र आर्थर बरेलने ते कोडं सोडवलं. 'देव हीच माझी...' अशा अर्थाच्या एका इंग्रजी वाक्यात पुढे चार चिन्हं होती. तिथे आशा हा शब्द असणार, असं त्यांनी ताडलं आणि त्या चार अक्षरांच्या आधाराने एका रात्रीत बहुतेक लिपी उलगडली. उलगडल्यावर आत काय आहे ते कळलं. बरेल म्हणाला, जाळून टाक. जॉन लिस्टरने जाळलं नाही, भिंतीच्या लाकडी फळ्यांमागे दडवलं. पुढे हेलेना व्हिटब्रेड या बाईने हॅलिफॅक्सच्या ग्रंथालयात बसून तो मजकूर उतरवला आणि १९८८ साली त्यातले वेचे पुस्तकरूपात आणले. मालिका आल्यावर तर उरलेली पानं वाचून काढायला जगभरचे स्वयंसेवक बसले. मला त्या सगळ्यांत जॉन लिस्टर जवळचा वाटतो. वाचलं, कळलं, गप्प राहिला, पण जाळलं नाही.

वेनराइटबाईंना अशी बाई जिवंत ठेवणं आपोआप साधलेलं नाही, हेही सांगायला हवं. तिच्याच आधीच्या 'लास्ट टँगो इन हॅलिफॅक्स' मालिकेत कॅरोलाइन आणि केट या दोघींचं लग्न होतं आणि दुसऱ्याच दिवशी गरोदर केट गाडीखाली सापडते. मूल वाचतं, ती जाते. बघणाऱ्या बायका चिडल्या, आणि त्यांचं चिडणं एका केटपुरतं नव्हतं. २००२ मध्ये 'बफी' या अमेरिकन मालिकेतली टारा, २०१६ मध्ये 'द हंड्रेड'मधली लेक्सा. दोघींना सुखाचा क्षण मिळतो आणि लगेच भलत्यालाच मारलेली गोळी यांना लागते. इतक्या नेमाने भलत्या गोळ्या लागत असतील तर ती नेमबाजी म्हणायची. लेखक म्हणतात, कथेची गरज. असेल. पण सोळा वर्षांची एखादी मुलगी रिमोट हातात घेऊन बसलेली असते, आणि दर वेळी तिच्यासारखीच बाई मेली तर ती त्यातून कथेची गरज काय आहे हे शिकत नाही.

ॲन लिस्टर या मालिकेत मरत नाही. दोन हंगाम झाले, २०२२ मध्ये मालिका बंद पडली, पण तिथे दोघी जिवंत आहेत. त्याच वर्षी बीबीसीने एक माहितीपटही केला, ही मालिका बघून ज्यांचं आयुष्य हललं त्या बायकांवर. त्यात उतारवयाच्या बायका आहेत. साठी ओलांडल्यावर घरच्यांना सांगितलेल्या. शिबडेन हॉलला येणाऱ्यांची रीघ वाढली ती वेगळीच.

माझं तिच्यावर आंधळं प्रेम नाही. ॲन लिस्टर पक्की टोरी, म्हणजे जमीनदारांच्या पुराणमतवादी पक्षाची होती. १८३२ च्या सुधारणा कायद्यानंतर काही कुळांना मत मिळालं तेव्हा आपल्याच बाजूला मत द्या म्हणून तिने त्यांच्यावर दडपण आणलं. आमच्यासारख्या दोन नोकरदार बायका तिच्या दारात गेल्या असत्या तर मागच्या दाराने जा म्हणाली असती. आई खोताच्या नजरेने तिच्यावर खूश होती, तेव्हा मेधा, जिचे आजोबा कूळ होते, शांतपणे म्हणाली, "काकू, त्या वहीच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला विचारा." आई गप्प झाली. पैसा आणि वाडा असला की पुष्कळ काही उघडपणे करता येतं. म्हणूनच नीरज घेवाननी 'अजीब दास्तान्स' या चार गोष्टींच्या सिनेमात केलेली 'गीली पुच्ची' मला या मालिकेच्या शेजारी ठेवाविशी वाटते. कारखान्यात यंत्रावर काम करणारी दलित भारती आणि ऑफिसात टेबलाशी बसलेली प्रिया. तिथे प्रेमाच्या आड जात येते, आणि ती चहाच्या कपातूनही दिसते.

आणि आपल्याकडे? ऑक्टोबर २०२१ मध्ये एका ब्लीचच्या जाहिरातीत दोन मुली एकमेकींसाठी करवा चौथ करतात, चाळणीतून एकमेकींकडे बघतात, असं आलं. मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी कारवाईचा इशारा दिला आणि कंपनीने जाहिरात काढून घेतली. आईने ती तेवढ्यात पाहिली होती. तिचं मत असं, की आपली वटपौर्णिमा बरी, झाडाला गुंडाळायचं आणि घरी यायचं, कुणाचं तोंड बघायची सक्ती नाही.

पहिल्या हंगामाच्या शेवटाकडे दोघी यॉर्कमधल्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये जातात. १८३४ चा ईस्टर. लग्नाचा विधी नाही, साक्षीदार नाहीत, भटजी ज्याला लग्न म्हणेल असं काहीच नाही. दोघी शेजारी शेजारी बसून प्रसाद घेतात आणि आपल्यापुरतं ते लग्न मानतात. त्या चर्चवर २०१८ साली पाटी लागली. तिच्यावर ॲनला लिंगभावाच्या चौकटीत न बसणारी उद्योजिका म्हटलं होतं. लोकांनी सह्या गोळा केल्या, की असं आडून कशाला? २०१९ मध्ये पाटी बदलली, 'लेस्बियन आणि रोजनिशीकार'. मी आईला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मराठीत काय म्हणतात?" मी म्हटलं, "समलिंगी म्हणतात." ती म्हणाली, "ते पेपरातलं झालं. घरात काय म्हणतात?"

मला उत्तर देता आलं नाही. घरात रूम पार्टनर म्हणतात, हे तिला मी कसं सांगणार.

मग तिने पुढे काय झालं ते विचारलं. मालिकेत ते नाही, म्हणून मी सांगितलं. १८४० मध्ये दोघी प्रवासात असताना जॉर्जियातल्या कुतायसीला ॲन लिस्टर तापाने गेली. ॲन वॉकरने तिचा देह महिनोन्‌महिने प्रवास करून हॅलिफॅक्सला आणला, पुढच्या एप्रिलात पुरला. मृत्युपत्राने शिबडेन हॉलमध्ये हयातभर राहायचा हक्क तिला होता. पण १८४३ मध्ये तिच्या बहिणीने आणि मेहुण्याने तिला वेडी ठरवली. खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढून तिला बाहेर आणलं आणि यॉर्कजवळच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. पुढे बहीण-मेहुणे काही काळ त्याच वाड्यात राहिले.

आई काही बोलली नाही. दिवा मालवून मी तिच्या पायाखाली उशी सरकवली, तरी ती जागीच होती.

सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "त्या पोरीकडे मृत्युपत्र होतं तरी असं झालं."

"हो."

"सख्खी बहीण ना ती?"

"हो."

तिने बिस्किट बुडवलं, खाल्लं, बोटं पुसली. "हा फ्लॅट दोघींच्या नावावर आहे?"

मी कपाटातून फाईल काढून इंडेक्स टू तिच्यासमोर ठेवला. खोताच्या मुलीला कागद कसा वाचायचा ते सांगावं लागत नाही. चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून तिने दोन्ही नावं वाचली, आडनावांसकट. मग कागद उलटून मागे काही आहे का पाहिलं.

"सोसायटीत नॉमिनेशन केलंय?"

"नाही."

"मृत्युपत्र?"

मी काहीच बोलले नाही.

"मग चौदा वर्षं काय करत होतात दोघी?"

आतून मेधा म्हणाली, "काकू, फॉर्म आणून ठेवलाय. भरायचा राहिलाय."

"आण इकडे," आई म्हणाली. "आणि पेन आण. शाईचं."